रोलरवरचा फौजदार

एका मंडळाची स्मरणिका निघते आहे. ग्रामीण तरुणांना प्रेरणा कशी द्यावी, नेतृत्व कसं घडवावं, यावर तुमचे अनुभव दोन पानांत लिहून द्या, असं संपादक फोनवर म्हणाले. वर म्हणाले, "सर, तुमच्यासारख्यांनीच लिहावं. हातात आलेली फौजदारकी सोडून तुम्ही पोरांसाठी गावात राहिलात." मी नेहमीसारखा गप्प राहिलो. "हो, बघतो," एवढंच म्हणालो.

फौजदारकी सोडली, असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते खोटं आहे, हेही सांगितलेलं नाही. माझं सगळं नाव या दोन गप्प राहण्यांच्या मधल्या जागेत उभं आहे.

दोन पानांत हे मावायचं नाही. त्यांना छापताही यायचं नाही. तरी लिहितो.

चाकूरच्या एका शाळेत मी लिपिक आहे. गाव शिरूर अनंतपाळकडचं, मोटरसायकलवर रोज येणं-जाणं. उमेदीच्या वयात फौजदाराची परीक्षा दिली, पहिल्याच पेपरात अडकलो. पुन्हा दिली, पुन्हा अडकलो. मग शिपाईभरतीला लातूरला मैदानावर उतरलो आणि सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत मटकन खाली बसलो. कुणी ढकललं नाही, पाय मुरगळला नाही. पुढे पळावंसं वाटेना, म्हणून बसलो. शिट्टीवाल्यानं हातानंच खूण केली, बाजूला हो. मी बाजूला झालो आणि गावी आलो.

पळायची सवय मात्र अंगात राहिली होती. कुणी बघू नये म्हणून उजाडायच्या आधी शाळेच्या मैदानावर जायचो. काही दिवसांनी मागून दोन-तीन पोरं पळायला लागली, मग आठ-दहा, मग पोरीही यायला लागल्या. लोक म्हणतात, सरांनी चळवळ उभी केली. मी लपून पळत होतो. माझ्या मागं पोरं लागली, एवढंच खरं.

मैदानाच्या कोपऱ्यात एक लोखंडी रोलर पडलेला होता. रस्त्याचं काम अर्धवट टाकून गेलेल्या गुत्तेदाराचा. धाव संपली की पोरं त्याच्या सावलीला बसत. एकदा मी सहज म्हणालो, "नुसतं पळून काय होतंय? कोण होणार ते तर बोला. चढा वर, गावाला ऐकू जाऊ द्या." एक लठ्ठ पोरगं धडपडत रोलरवर चढलं आणि ओरडलं, "मी तहसीलदार!" सगळे हसले. मी हसलो नाही. मी टाचा जुळवून त्याला सलाम ठोकला. मग सगळ्यांनी ठोकला. त्या पोराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाणी बघून मला काय चढलं, ते सांगता येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कुणाला काहीतरी मिळालं, असं वाटलं.

त्या दिवसापासून आमच्याकडे रीत पडली. नवीन आलेल्यानं रोलरवर चढायचं, पद घ्यायचं, आणि मग मैदानावर त्याला त्याच पदानं हाक मारायची.

"ओ तहसीलदार, आधी नाडी बांधा, मग पळा."

"कलेक्टर आले न्हाईत का आज?"

"त्यांची म्हैस व्याली सकाळीच. अर्जंट मीटिंग हाय."

"ए ग्रामसेवक, माझी चप्पल दे. आतापासूनच खायला लागला का?"

हसण्या-खेळण्यात पोरं फेऱ्यांमागून फेऱ्या मारायची. मी एकच नियम केला होता. रोलरवर चढून घेतलेलं पद खाली ठेवायचं नाही. नोकरी लागो न लागो, हाक तीच. या नियमाचं फार कौतुक झालं. आसपासच्या गावांनी तो उचलला. मला व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली, उदगीर, देवणी, अहमदपूर. असल्याच एका सव्वीस जानेवारीला पाहुण्यांची ओळख करून देताना एक पुढारी माइकवर बोलून गेले, "यांनी तरुणांसाठी फौजदारकीवर लाथ मारली!" टाळ्या कडाडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. पुढच्या कार्यक्रमात तेच वाक्य, त्याच्या पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. माझ्या बायकोला खरं ठाऊक होतं, कारण सोयरिकीच्या वेळी तिच्या वडिलांना मी सगळं सांगितलं होतं. ती एकदा म्हणाली, "अवो, एकदा सांगून टाका की." मी म्हणालो, "पोरांचा हुरूप जाईल." आपल्याच सोयीला पोरांचं नाव द्यायला मी तेव्हाच शिकलो.

काही पोरं लागली. काही शिपाई झाले, एक फौजेत गेला, एक पोरगी रुग्णालयात परिचारिका आहे. भाषणात मी त्यांचीच उदाहरणं द्यायचो. आमचा तहसीलदार चाकूरच्या स्टँडसमोर पानटपरी चालवतो, कलेक्टर जीपवर ड्रायव्हर आहे. त्यांची उदाहरणं मी देत नव्हतो. गाव आजही त्यांना त्याच पदांनी हाक मारतं. नियमच होता तसा.

आणि एक होता फौजदार. हे सगळं त्याच्यासाठीच लिहितो आहे.

तो वस्तीतला, बौद्ध घरातला. वडील तो शाळेत असतानाच गेले. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायची. घरचा एक जमिनीचा तुकडा आणि दारात एक देवणी गाय. तो रोलरवर चढून "मी फौजदार!" म्हणाला, तेव्हा शाळेच्या पत्र्यावरचे पारवे उडाले, असला त्याचा आवाज. पळायला फार चपळ नव्हता. पण मी पुढं पळायचो आणि तो सगळ्यांत मागं. सगळ्यांत हळू पळणाऱ्या पोराच्या बरोबरीनं, त्याच्याशी गप्पा मारत, त्याला थांबू न देता. कुणाच्या बुटाची नाडी सुटली तर खाली बसून बांधून द्यायचा. नेतृत्व काय असतं, हे संपादकांना खरंच हवं असेल तर एवढंच आहे. ते माझ्यात कधी नव्हतं, त्याच्यात होतं.

त्यानं पूर्वपरीक्षा काढली, मुख्य काढली, मैदान काढलं, मुलाखत दिली. मग यादी लागली. कच्ची. तीत त्याचं नाव होतं.

गावात खबर फिरली. जिल्हा परिषदेला उभं राहायच्या तयारीतले एक पुढारी दुपारीच घरी आले. "सर, मिरवणूक काढू. विहारापासून निघायचं, मारुतीच्या पारावर सत्कार. सगळं गाव एक झालेलं दिसलं पाहिजे." मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना त्यांनी दाखवला. मधोमध सकाळीच पोरांनी गुलाल लावून काढलेला त्याचा फोटो, त्याखाली पुढाऱ्यांचा, आणि वरच्या कोपऱ्यात गोलात माझा. खाली लिहिलेलं, मार्गदर्शक.

तो संध्याकाळी आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"सर, यादी कच्ची हाय. हरकती मागवल्यात. पक्की यायची हाय अजून."

"येईल रे."

"न्हाई आली तर?"

"रोलरवर काय बोललास, विसरलास?"

"तसं न्हाई, सर." तो खाली बघत होता. "आईला वाटंल, झालंच. पक्की लागूस्तोवर थांबवा. तुमचं ऐकतेत ते."

माझं ऐकलं असतं. एक फोन पुरला असता. माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा त्याची आई नव्हती, तो नव्हता. कोपऱ्यातला तो गोल होता. मी म्हणालो, "लोक खुशीत हायत. पाणी टाकू नको त्यांच्या खुशीवर."

मिरवणूक निघाली. ज्यांनी कधी वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं, त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. गुलाल इतका उधळला की त्याच्या पापण्या लाल झाल्या. त्याच्या आईला पारावर बोलावून खुर्ची दिली. मारुतीच्या पारावर ती पहिल्यांदाच चढत होती. सबंध कार्यक्रमभर ती खुर्चीच्या कडेला टेकून बसली, कुणी उठवलं तर पटकन उठता यावं अशी. मी भाषण केलं. "पाय थकतात, पद थकत नाही," हे माझं ठेवणीतलं वाक्य टाकलं. टाळ्या पडल्या. टाळी न वाजवणारा एकटा तो होता. गळ्यात एवढे हार होते की हात वर येत नव्हते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पक्की यादी आली. त्याचं नाव नव्हतं. कुणाच्या तरी हरकतीनं गुण फिरले, चार नावं वर गेली आणि हा खाली सरकला.

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर आला, नेहमीसारखा शेवटी पळाला. पोरांनी टाचा जुळवून सलाम केला, "फौजदार साहेब!" त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी त्याला रोलरच्या मागं नेलं. "आत्ताच कुणाला सांगू नको. पुढच्या खेपेला होईल. तवर ट्रेनिंग लांबलं म्हणू." पुढं तो बरंच खोटं जगला, पण त्या खोट्याचं पहिलं वाक्य माझं आहे.

तो नांदेडला गेला, अभ्यासाला. गावानं धरलं, ट्रेनिंगला गेला.

स्टँडवरचा फ्लेक्स एका वावटळीत सुटला. त्याच्या आईनं तो धुऊन, घडी घालून घरी आणला आणि पत्रे उडालेल्या गोठ्याच्या बांबूंवर अंथरला. गल्लीतून जाताना दिसायचं, गोठ्याच्या छपरावर त्याचा गुलालातला चेहरा आभाळाकडं बघतोय.

वर्षं गेली. खरं हळूहळू पसरलं. कुणी तोंडावर बोललं नाही, हाकही बदलली नाही. हाकेतला सूर तेवढा बदलला. सणावाराला तो आला की स्टँडवरच सुरू व्हायचं. "या फौजदार! कोणत्या ठाण्याला हाव सध्या?" "अवो, लांबून बोला, आत टाकतील." त्याच्या आईला तर रोजचंच. सोयाबीनच्या खुरपणीला बाया म्हणायच्या, "फौजदाराच्या आईला सावलीत बसवा गं. ऊन लागून राहिलंय साहेबाच्या आईला." ती हसायची आणि खुरपत राहायची. दोन-तीन वर्षांनी तो यायचाच बंद झाला.

यंदा पेरण्या उरकल्यावर ती आमच्याकडे आली. बायकोनं चहा ठेवला. ती ओट्यावरच बसली, कितीही म्हटलं तरी आत आली नाही.

"सर, त्याचं वय सरलं म्हणं. आता परीक्षा देताच येत न्हाई म्हणं. खरं हाय का?"

"खरं हाय."

"मग कशाला ऱ्हायलाय तिथं? फोन केला की म्हणतो, काम हाय. कसलं काम, ते सांगत न्हाई. घरी गाय हाय, मी हाय, तुकडा हाय. खाऊन-पिऊन ऱ्हाईल की." चहाची बशी तिनं खाली ठेवली. "तुमी आणा त्याला. तुमीच धाडला."

तिच्या आवाजात राग नव्हता. कुणाला बाजाराला धाडलं असं म्हणावं, तसं म्हणाली. ती गेल्यावर बायको म्हणाली, "जा. आणि तिथं भाषण करू नका. नुसतं घेऊन या."

चाकूरहून नांदेडची एसटी धरली. अहमदपूर, लोहा, मग सिडको, मग गोदावरीचा पूल. सगळ्या वाटेत मी एकच वाक्य घोळवत होतो, चल बाबा, घरी चल. भाग्यनगरच्या मागच्या गल्ल्यांत पोरांच्या खोल्याच खोल्या, खिडक्यांवर वाळत घातलेले टॉवेल, मेसचे फलक. त्यानं आईला कधीतरी सांगितलेल्या खुणांवरून शोधत एका पत्र्याच्या शेडपाशी आलो. ती अभ्यासिका होती. आतून आवाज येत होता. पारवे उडवणारा तोच आवाज.

"पाय थकतात, पद थकत नाही!"

मी दाराबाहेरच थबकलो. थंडीच्या एका सकाळी दुसरं काही सुचेना म्हणून मी ते वाक्य जुळवलं होतं. त्याला त्यापेक्षा जास्त अर्थ नव्हता. आतली पोरं मात्र कान टवकारून ऐकत होती.

रोलर नव्हता, त्याऐवजी एक बाक होता. देगलूरकडची वाटावी अशी एक पोरगी त्यावर चढली, तेलुगू हेल काढत ओरडली, "मी तलाठी!" पोरं हसली, मग सगळ्यांनी सलाम केला. बाकाचा एक पाय डुगडुगत होता. तो खाली वाकून, हातानं तो पाय धरून बसला होता. पोरगी उतरेपर्यंत त्यानं सोडला नाही. केस विरळ झाले होते. पोरं त्याला "फौजदार सर" म्हणत होती.

मला बघितल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की माझं घोळवलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठं. "जय भीम, सर! पोरांनो, उठा, उठा. कोण आलंय बघा." त्यानं मला हाताला धरून पुढं नेलं. पोरांना म्हणाला, "मी रोज ज्यांचं सांगतो, ते हे. यांच्या हातात फौजदारकी आली होती. यांनी सोडली. का? तर तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. मला पद मिळालं न्हाई. पण सरांकडं बघून कळलं, पद न घेता बी माणूस उभा राहतो."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की तो इथं का राहिला होता. तो परीक्षेसाठी राहिला नव्हता. वय सरल्यावर त्याच्याजवळ मी एवढाच उरलो होतो. जो मी कधी नव्हतोच, तो माणूस व्हायचा तो रोज प्रयत्न करत होता.

बायकोनं भाषण करू नका म्हटलं होतं. मी उभा राहिलो.

"मी नोकरी सोडली नाही," मी म्हणालो. "मला ती मिळालीच नव्हती. फौजदाराच्या पहिल्या पेपरातच दोनदा नापास झालो. भरतीच्या मैदानावर शेवटच्या फेरीत खाली बसलो. कुणीतरी खोटं बोललं, ते मला गोड लागलं, म्हणून मी चालू दिलं. इथं हे जे पद घ्यायचं चाललंय, ते मी सुरू केलं. घेतलेलं पद खाली ठेवायचं नाही, हा नियम माझा. चुकीचा नियम आहे. खाली कसं उतरायचं, ते आधी शिकवायला हवं होतं. ज्याचं जमत नसेल त्यानं घरी जावं. त्यात लाज नाही."

वाटलं, झालं, आता ही पोरं उठतील आणि निघून जातील. मागच्या रांगेतून एक टाळी पडली, मग दुसरी, मग सगळी शेड टाळ्यांनी भरून गेली. पुढचा एक पोरगा उठून म्हणाला, "सर, एवढं अपयश पचवून तुम्ही एवढं मोठं काम केलं! याला म्हणतेत जिद्द!" मघाची तलाठीण मोबाइल घेऊन आली, "सर, एक सेल्फी." मी म्हणत होतो, अरे, मी खरं बोलतोय. ती म्हणत होती, "इकडं बघा, सर."

त्यानं टाळी वाजवली नव्हती. तो बाकाशेजारी तसाच उभा होता.

पोरं पांगल्यावर म्हणाला, "जेवला न्हाईत ना? चला."

गुरुद्वाऱ्यात लंगरला गेलो. त्यानं खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला, दुसरा मला दिला. सवयीचं होतं त्याला सगळं. पंगतीत बसलो. तो मान खाली घालून जेवला, ताट पुसून घेतलं, माझंही ताट उचलून नेलं. बाहेर नळाला हात धुताना पहिल्यांदा बोलला.

"खरं हाय ते?"

"हाव."

"समदं?"

"सगळं."

तो हात धूतच राहिला. "मग मला का न्हाई सांगितलं? त्या दिवशी आलतो की दारात."

मला उत्तर होतं. कोपऱ्यातला गोल. ते तोंडातून निघेना. म्हणालो, "चुकलं माझं. तू घरी चल. आई वाट बघून राहिलीय."

"कोण म्हणून येऊ?"

मी डोक्याचा रुमाल सोडून त्याला परत दिला.

"स्टँडवर उतरलं की, या फौजदार. इथं बी फौजदारच म्हणतेत. पण इथं हसत न्हाईत, सर." त्यानं नळ बंद केला. "तुमचं ठीक हाय. तुम्हाला चाकूरला नोकरी हाय, घरी बायको हाय. तुमच्या खोट्याला ऱ्हायला जागा होती. माझ्याकडं तुमी होते फक्त. ते बी आज काढून घेतलं."

"पोरांसमोर बोलायला नको होतं मी."

"न्हाई, पोरांचं काय. त्यांनी टाळ्या वाजवल्या." तो जरासा हसला. "उद्यापासून मी काय सांगू त्यांना? तुमचं सांगू? का माझं?"

आम्ही चालत पुलाच्या बाजूला आलो. मी पुन्हा आईचं काढलं, गाईचं काढलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तो फ्लेक्स हाय का अजून गोठ्यावर?"

"हाय."

"मी म्हणलतो तिला, उलटा टाक. ती म्हणली, लेकराचं तोंड कसं झाकू. गल्लीत शिरलं की आधी त्योच दिसतो, सर. माझ्या आधी त्यो घरी असतो." मला एसटीत बसवताना खिडकीशी येऊन म्हणाला, "त्यो काढला की सांगा. मग बघू."

मी तोच निरोप घेऊन आलो. आईला सगळं नाही सांगितलं, फ्लेक्सचं तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं असताना शेजारच्या बाईला घेऊन ती छपरावर चढली, दगड बाजूला केले आणि फ्लेक्स उलटा केला. पांढरी बाजू वर. मी फोन लावला. त्यानं उचलला नाही. दोन दिवसांनी अभ्यासिकेच्या मालकाला लावला. ते म्हणाले, "ते सर गेले. खोली रिकामी केली. पोरं विचारून राहिलीत, कुठं गेले म्हणून. तुम्हाला काही बोलले का?"

आईला त्याचा एकदाच फोन आला. कामाला लागलोय, काळजी करू नको, म्हणाला. कुठं, ते सांगितलं नाही. आता तो नांदेडलाही फौजदार नाही आणि इथंही नाही. खाली उतरायला मी म्हणालो होतो. उतरून कुठं जायचं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मैदानावर जाणं मी सोडलं आहे. माझं न जाणं कुणाला जाणवलं, असं वाटत नाही. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतं, पोरं पळतात, हसतात, मग एकेकाची आरोळी येते. परवा कुणीतरी फौजदार झालं. पुन्हा फौजदार. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

काल त्याच्या घरी गेलो. काही काम नव्हतं. ती गोठ्यात गाईला वैरण टाकत होती. म्हणाली, "बसा की, सर." मी गव्हाणीच्या कडेला टेकलो आणि सहज वर बघितलं. फ्लेक्स उलटा केल्यावर चेहरा आतल्या बाजूला आला आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डोक्यावर तो होता. फिकट पडलेला, कपाळावर गुलाल, खाली आमच्याकडे बघत. गाय त्याच्याखाली रवंथ करत होती.

"हितून दिसतोय," ती म्हणाली. "बाहीरच्याला न्हाई दिसत. मी दिसभर आत-बाहीर करती, दिसतोय."

माझी नजर आपोआप वरच्या कोपऱ्याकडं गेली. तिथं फ्लेक्स दुमडून बांबूला करकचून बांधला होता.

"ते कोपरं दुमडून टाकलं," ती म्हणाली. "वारं शिरत होतं तिकडून."

मग तिनं गाईपुढं वैरणीची दुसरी पेंढी सोडली.